टॅकिऑनचा संदेश हर्णै बंदरात: प्रकाशापेक्षा वेगवान कण विज्ञानकथेत कसे वापरावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिहायला घेतलेल्या विज्ञानकथेत ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळते. रत्नागिरीतली एक संशोधिका त्याच दुपारी टॅकिऑनच्या, म्हणजे प्रकाशापेक्षा वेगवान मानलेल्या कणांच्या, साहाय्याने संदेश पाठवते आणि तो हर्णै बंदरातल्या एका तांडेलाला २ जूनच्या सकाळी मिळतो. तांडेल बाहेर गेलेल्या नौका परत बोलावतो. हे विज्ञानाला धरून आहे का? टॅकिऑन खरोखर असतात का? आणि नसतील, तर कथेत वापरावेत का?

टॅकिऑन आजवर एकाही प्रयोगात सापडलेला नाही. तरी कथा जरूर लिहा. या कणांचे गणित १९६० च्या दशकापासून काटेकोरपणे मांडलेले आहे आणि त्या गणितातूनच कथानक उभे राहते. तुमच्या मांडणीत मात्र एक मोठी चूक आहे. रत्नागिरीहून हर्णैला निघालेला संदेश कितीही वेगवान असला, अगदी क्षणार्धात पोचला, तरी तो आदल्या दिवशी पोचत नाही. त्यासाठी या दोन्ही ठिकाणांपासून प्रचंड वेगाने दूर जाणारा तिसरा कोणी तरी लागतो. बहुतेक टॅकिऑनकथा इथेच फसतात, म्हणून हा भाग खाली आकडेमोडीसह दिला आहे. आधी कणाचा स्वभाव समजून घेऊ.

प्रकाशाचा निर्वातातला वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. वस्तुमान असलेला कण या वेगाच्या जवळ नेऊ लागलो की त्याची ऊर्जा वाढत जाते. प्रकाशवेगाच्या ९९ टक्के वेगाला ती स्थिर अवस्थेतल्या ऊर्जेच्या सुमारे ७ पट होते, ९९.९९ टक्क्यांना सुमारे ७१ पट, आणि नेमक्या प्रकाशवेगाला अनंत. म्हणून कोणताही कण ढकलत ढकलत ही हद्द पार करता येत नाही. विशेष सापेक्षता सिद्धान्त सांगतो तो एवढेच. हद्दीच्या पलीकडे काही असूच शकत नाही, असे तो म्हणत नाही.

हा मुद्दा १९६२ मध्ये बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन या तिघांनी एका शोधनिबंधात स्पष्टपणे मांडला. सुदर्शन म्हणजे कोट्टायमजवळ जन्मलेले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही काळ काम केलेले ई. सी. जी. सुदर्शन. त्यांचा युक्तिवाद असा: हिमालय कोणाला ओलांडता येत नाही, म्हणून पलीकडे माणसे नाहीत असे कोणी म्हणाले तर ते हास्यास्पद ठरेल, कारण पलीकडची माणसे पलीकडेच जन्मलेली असतात. फोटॉनही, म्हणजे प्रकाशाचा कणही, काही वेग वाढवत वाढवत प्रकाशवेगाला पोचत नाही, तो जन्मतःच त्या वेगाने धावतो. मग एखादा कण जन्मतःच त्याहून वेगवान का नसावा? १९६७ मध्ये जेराल्ड फाइनबर्ग यांनी अशा कणांचा क्वांटम सिद्धान्त मांडला आणि त्यांना टॅकिऑन हे नाव दिले.

आता त्याचा विचित्र स्वभाव. ऊर्जेच्या सूत्रात वेग प्रकाशाहून जास्त घातला की वर्गमुळाखालची संख्या ऋण होते. ऊर्जा खरी, मोजता येण्याजोगी राहायची तर वस्तुमान काल्पनिक संख्या, म्हणजे वर्ग केल्यावर ऋण येणारी संख्या धरावी लागते. हे ऐकायला विपरीत वाटते, पण टॅकिऑन कधीच थांबत नसल्याने त्याचे स्थिर वस्तुमान कोणाला तराजूत घालून मोजायचे नसते. मोजायची ती ऊर्जा आणि संवेग, आणि त्या दोन्ही राशी खऱ्याच राहतात.

वस्तुमानाच्या मापाशी जुळणारी ऊर्जा १ एकक धरा. प्रकाशाच्या १.०१ पट वेगाला टॅकिऑनची ऊर्जा सुमारे ७ एकके, १.४१ पट वेगाला १ एकक, ४ पट वेगाला ०.२६ आणि १०० पट वेगाला फक्त ०.०१. वेग वाढला की ऊर्जा घटते! अनंत वेगाला ऊर्जा शून्य होते, पण संवेग शून्य होत नाही, १ एकक शिल्लक राहतो. टॅकिऑनला ऊर्जा दिली तर तो मंदावतो, आणि त्याला प्रकाशवेगापर्यंत खाली आणायला अनंत ऊर्जा लागते. हद्द दोन्ही बाजूंनी तितकीच पक्की आहे.

कथेत याचा सरळ परिणाम ग्राहकयंत्रावर, म्हणजे संदेश पकडणाऱ्या यंत्रावर होतो. ‘अतिवेगवान टॅकिऑनचा प्रचंड शक्तिशाली झोत’ असे वाक्य लिहिलेत तर जाणकार वाचक तिथेच थांबेल. अतिवेगवान टॅकिऑन अतिदुर्बळ असतो, तो पकडणे जवळजवळ अशक्य असते. पकडण्याजोगी ऊर्जा हवी असेल तर वेग प्रकाशाच्या थोडाच पुढे ठेवावा लागतो, आणि मग भूतकाळात जाण्याचा फायदा कमी होतो. म्हणून खालच्या गणितात मी ४ पट वेग घेतला आहे. त्यात फायदाही बऱ्यापैकी आहे आणि ऊर्जाही एकदम हातची जात नाही.

टॅकिऑनवर विद्युतभार दाखवू नका. पाण्यात प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर असतो. पाण्यातला इलेक्ट्रॉन याहून वेगाने धावू लागला की निळा प्रकाश बाहेर पडतो. अणुभट्टीतले वापरलेले इंधन पाण्याच्या टाकीत ठेवतात तेव्हा दिसणारी निळी झळाळी ती हीच, चेरेन्कोव्ह प्रारण. भारित टॅकिऑन निर्वातातही सतत असे प्रारण सोडत राहील, ऊर्जा गमावत जाईल आणि ऊर्जा गमावली की आणखी वेगवान होत जाईल. हर्णैपर्यंत त्याच्यात संदेशाएवढी ऊर्जा उरणारच नाही.

प्रकाशाला मागे टाकतात असे वाटणाऱ्या काही गोष्टी प्रत्यक्षात तसे काही करत नाहीत, आणि कथालेखक त्यांचाच आधार घेतात. रत्नदुर्गावरच्या दीपगृहाचा झोत ८ सेकंदांत एक फेरी करतो आणि तो चंद्रापर्यंत पोचण्याएवढा प्रखर आहे असे समजा. चंद्र ३,८४,४०० किलोमीटर दूर, म्हणजे त्या अंतरावरच्या वर्तुळाचा परीघ सुमारे २४ लाख १५ हजार किलोमीटर. तिथे प्रकाशाचा ठिपका सेकंदाला सुमारे ३,०२,००० किलोमीटर वेगाने सरकेल, म्हणजे प्रकाशाहून जास्त. तरीही चंद्राच्या एका कडेवरच्या माणसाला त्या ठिपक्यातून दुसऱ्या कडेवरच्या माणसाला काहीही कळवता येणार नाही, कारण प्रत्येक फोटॉन रत्नागिरीहून सरळ आलेला आहे. ठिपका ही वस्तू नव्हे. क्वांटम गुंतलेपणातही (एन्टँगलमेंट) दूरच्या कणांची मोजमापे एकमेकांशी जुळतात, पण त्यातून मनाजोगता संदेश पाठवता येत नाही. अलकुबिएरे यांनी १९९४ मध्ये मांडलेला अवकाश वाकवणारा बुडबुडा हा वेगळा विषय आहे. त्याला ऋण ऊर्जेचा प्रचंड साठा लागतो आणि टॅकिऑनशी त्याचा संबंध नाही.

आता वेळेचा प्रश्न. रत्नागिरी आणि हर्णै यांत शंभर किलोमीटरचेही सरळ अंतर नाही. प्रकाशाला ते कापायला एका मिलिसेकंदाचा तिसरा भाग लागतो. दोन्ही ठिकाणे एकमेकांच्या दृष्टीने स्थिर, दोन्हीकडची घड्याळे एकाच चालीची. तिथे अनंत वेगाचा टॅकिऑन वापरला तरी जास्तीत जास्त तेवढा एक तृतीयांश मिलिसेकंद वाचेल, भूतकाळात जाता येणार नाही. भूतकाळ तेव्हा उघडतो जेव्हा एकमेकांच्या सापेक्ष वेगाने जाणारे दोघे निरीक्षक संदेशाची देवाणघेवाण करतात, कारण ‘आत्ता’ म्हणजे कोणता क्षण याबद्दल त्या दोघांचे एकमत नसते. आइन्स्टाइन यांनी १९०७ मध्ये आणि टोलमन यांनी १९१७ मध्ये हे दाखवले होते. १९७० मध्ये बेनफर्ड, बुक आणि न्यूकोम्ब यांनी टॅकिऑनच्या संदर्भात त्याची सविस्तर चिकित्सा केली.

म्हणून कथेत एक यान घ्या. ते पृथ्वीपासून प्रकाशवेगाच्या ०.६ पट वेगाने दूर चालले आहे. यान आणि पृथ्वी दोघेही आपापल्या दृष्टीने प्रकाशाच्या ४ पट वेगाचे टॅकिऑन सोडतात. संशोधिकेचे केंद्र रत्नागिरीऐवजी हर्णैलाच धरा. पृथ्वीवरच्या घड्याळाने यान निघून १० दिवस झाल्यावर त्या केंद्रातून संदेश सुटतो. तो यानाला गाठतो तेव्हा पृथ्वीच्या हिशेबाने ११.७६ दिवस झालेले असतात आणि यान ७.०६ प्रकाशदिवस, म्हणजे सुमारे १८,३०० कोटी किलोमीटर दूर असते. यानातले घड्याळ ०.८ पट गतीने चालते, त्यात ९.४१ दिवस दिसतात. यान तत्काळ उत्तर धाडते. यानाच्या दृष्टीने पृथ्वीच मागे पळत आहे, त्यामुळे उत्तर तिला गाठते तेव्हा यानाच्या हिशेबाने ११.०७ दिवस झालेले असतात. पण त्याच हिशेबाने पृथ्वीचे घड्याळ संथ चालते, म्हणून ११.०७ गुणिले ०.८, म्हणजे ८.८६ दिवस. संदेश सुटला दहाव्या दिवशी, उत्तर मिळाले ८.८६ व्या दिवशी. फरक सुमारे २७ तास २४ मिनिटांचा.

एका ओळीत सूत्र हवे असेल तर असे: यानाच्या वेगाचे प्रकाशवेगाशी गुणोत्तर घ्या, त्याचा वर्ग १ मधून वजा करा. मग यानाचा वेग भागिले टॅकिऑनचा वेग हे गुणोत्तर १ मधून वजा करून त्या वजाबाकीचा वर्ग करा. पहिल्या संख्येला दुसरीने भागा. भागाकार १ पेक्षा कमी आला तर उत्तर आधी येते, जास्त आला तर नंतर. वरच्या उदाहरणात ०.६४ भागिले ०.७२२५, म्हणजे ०.८८६.

चूक होते ती इथे. यानाचा वेग ०.६ ऐवजी ०.४ धरला तर भागाकार १.०३७ येतो आणि उत्तर संदेश सुटल्यावर सुमारे ९ तासांनी मिळते. टॅकिऑन प्रकाशाच्या ४ पट वेगवान असूनही! त्या वेगासाठी यानाचा किमान वेग प्रकाशाच्या ०.४७ पट असावाच लागतो. आजचे सर्वांत वेगवान यान, पार्कर सौरयान, डिसेंबर २०२४ मध्ये सेकंदाला सुमारे १९२ किलोमीटर वेगाने सूर्याजवळून गेले. तेवढ्या वेगाचे यान घेतले तर टॅकिऑन प्रकाशाच्या ३,१०० पटींहून वेगवान असल्याशिवाय उत्तर आधी येत नाही, आणि तो अनंत वेगाचा मानला तरी १० दिवसांनी मिळणारा फायदा एका सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा. एवढ्या वेळात तांडेलाला मान वळवायलाही सवड नाही.

म्हणजे खरे निसर्ग वादळ आणि ०.६ प्रकाशवेगाचे यान एका कथेत बसत नाहीत. २०२० साली असे यान कोणाकडे नव्हते. व्हॉयेजर १ ला एक प्रकाशदिवसाचे अंतर गाठायला सुमारे ४९ वर्षे लागतात, आणि तुमच्या यानाला बारा दिवसांत सात प्रकाशदिवस हवे आहेत. वादळ भविष्यातले आणि काल्पनिक ठेवा, पण तपशील खऱ्या वादळांवरून घ्या. तारीखही बदला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. २ जूनला हर्णैचे बहुतेक नाखवे नौका ओढून शाकारायच्या कामात असतील, कोणाला परत बोलावणार? फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी या किनाऱ्यावर आले होते. तो हंगाम घ्या, तेव्हा समुद्रात नौका असतात.

मग वेळापत्रक असे: यान १ नोव्हेंबरला दुपारी १ वाजता निघाले, संदेश ११ नोव्हेंबरला दुपारी १ वाजता सुटला, उत्तर १० नोव्हेंबरला सकाळी ९ वाजून ३६ मिनिटांनी मिळाले. शंभर सागरी मैल बाहेर असलेल्या ट्रॉलरला ८ नॉट वेगाने बंदर गाठायला साडेबारा तास लागतात, म्हणजे वेळ पुरेसा आहे. फक्त नौकेवरच्या व्हीएचएफ रेडिओ संचाचा पल्ला वीस-पंचवीस सागरी मैलांचा असतो. शंभर मैलांवरच्या नौकेला निरोप द्यायला तो एका नौकेवरून दुसरीवर असा पुढे सरकवावा लागेल. हा प्रसंग कथेत सविस्तर लिहा, तो खरा वाटेल.

इशाऱ्यात काय असावे तेही ठरवा. ‘वादळ येत आहे’ हे कळायला टॅकिऑन लागत नाही, हवामान विभाग ते आधीच सांगतो आणि बंदरावर बावटा चढतो. निसर्गच्या वेळी पूर्वसूचनेत हरिहरेश्वर ते दमण हा अडीचशे किलोमीटरहून लांब पट्टा होता, अलिबागजवळची शक्यता धरून. प्रत्यक्षात वादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले. उद्याचा माणूस आजच्या माणसाला नेमके हेच सांगू शकतो: कुठे. आणि संदेश वादळ आदळत असताना पाठवायचा असेल तर केंद्राला स्वतःची वीज हवी. निसर्गनंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती.

आता सर्वांत रसाळ भाग. पृथ्वीच्या दृष्टीने हे उत्तर यानाहून ११.७६ व्या दिवशी निघून ८.८६ व्या दिवशी आले, म्हणजे काळात उलटे गेले आणि ऋण ऊर्जा घेऊन आले. बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन यांनी यावर पुनरर्थ लावण्याचे तत्त्व सुचवले: काळात उलट जाणारा ऋण ऊर्जेचा कण शोषला जाणे, हे काळात सरळ जाणारा धन ऊर्जेचा कण बाहेर पडण्यासारखेच दिसेल. आपल्या उदाहरणाला हे लावून बघा. १० नोव्हेंबरच्या सकाळी ९.३६ ला हर्णैचे ग्राहकयंत्र काही ‘पकडत’ नाही. कोणी हात न लावता ते स्वतःच स्पंद बाहेर सोडू लागते आणि त्याची ऊर्जा कमी होते. तो स्पंद प्रकाशाच्या २.४३ पट वेगाने यानाकडे जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी मुद्दाम सोडलेला स्पंद ४ पट वेगाने जातो, आणि दोन्ही यानाशी एकाच क्षणी पोचतात, १३ नोव्हेंबरला सकाळी साधारण ७ वाजून २१ मिनिटांनी.

म्हणून ‘रेडिओवर उद्याचा आवाज ऐकू आला’ असे लिहू नका. केंद्रातल्या मुलीला, म्हणजे तुमच्या संशोधिकेला, दिसेल ते असे: प्रक्षेपक बंद आहे, तरी वीजसंचातून ऊर्जा खर्च होते आहे आणि खर्चाच्या चढउतारात मजकूर आहे. मला वाटते, टॅकिऑनकथेत याहून चांगला प्रवेश सापडणार नाही, आणि तो थेट गणितातून येतो.

हे तत्त्व कार्यकारणभावाचा घोळ मात्र सोडवत नाही. मजकूर कोणी रचला? मुलीने तो ११ तारखेला रचला, पण १० तारखेला तो तिने वाचलेला आहे. नौका वाचल्या, म्हणून तिने संदेश पाठवलाच नाही, तर तो आला कुठून? बेनफर्ड आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष असा की मुद्दाम रचलेला संदेश ओळखता येतो, तो नुसता उलटा अर्थ लावून नाहीसा करता येत नाही. तेव्हा लेखकाने एक नियम निवडावा आणि शेवटपर्यंत पाळावा. एक नियम सुसंगतीचा, नोविकोव्ह यांच्या नावाने ओळखला जाणारा: जे घडले त्यात संदेशाचा परिणाम आधीच धरलेला आहे, तो बदलता येत नाही. दुसरा नियम शाखांचा: संदेश पोचला की वेगळा इतिहास सुरू होतो. पहिला नियम निवडा असे मी सांगेन. दुसऱ्यात संदेश पाठवणाऱ्या मुलीच्या जगात बुडालेल्या नौका बुडालेल्याच राहतात आणि तिच्या कष्टांना तिच्या जगात अर्थ राहत नाही. पहिल्यात ११ तारखेच्या दुपारी सगळ्या नौका बंदरात सुखरूप दिसत असतानाही तिला संदेश पाठवावाच लागतो. तो न पाठवण्याचा मोह आणि पाठवण्याची जबाबदारी, या दोहोंत कथा आहे.

प्रयोगांचे काय? १९६८ मध्ये अल्व्हेगर आणि क्राइस्लर यांनी किरणोत्सारी सीझियम-१३४ च्या गॅमा किरणांतून भारित टॅकिऑन जन्मतात का ते पाहिले. मिळाले नाहीत. १९७० मध्ये बाल्टे, फाइनबर्ग आणि इतरांनी विद्युतभार नसलेले टॅकिऑन शोधले, तेही नाहीत. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात क्ले आणि क्राउच यांना वैश्विक किरणांच्या वर्षावाआधी येणारे काही संकेत दिसले, पण पुढे त्यांना दुजोरा मिळाला नाही. न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला अतिहलका कणच टॅकिऑन असावा असा प्रस्ताव १९८५ मध्ये आला होता आणि ट्रिटियमच्या काही प्रयोगांत वस्तुमानाचा वर्ग ऋण येतही होता. तो मापनातल्या त्रुटींचा परिणाम निघाला. जर्मनीतल्या कॅट्रिन प्रयोगाने आता न्यूट्रिनोच्या वस्तुमानाची वरची मर्यादा ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत आणली आहे.

सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण ऑपेरा या न्यूट्रिनो प्रयोगाचे. सप्टेंबर २०११ मध्ये जाहीर झाले की सर्नहून इटलीतल्या ग्रान सास्सोपर्यंतचे ७३० किलोमीटर न्यूट्रिनोंनी प्रकाशाहून ६० नॅनोसेकंद आधी कापले. एकूण प्रवास सुमारे २.४ मिलिसेकंदांचा. ६० नॅनोसेकंदांत प्रकाश फक्त १८ मीटर जातो. तीन वर्षांच्या १५ हजारांहून जास्त घटनांचा हा निष्कर्ष होता, म्हणजे संख्याशास्त्रात काही कमी नव्हते. दोष निघाला एका जोडणीत. जीपीएसची वेळ मुख्य घड्याळापर्यंत आणणाऱ्या प्रकाशतंतूचा जोड पूर्ण बसलेला नव्हता. त्यामुळे प्रकाश कमी पोचे, ग्राहक डायोडमधला संकेत हळू चढे आणि ठरलेली पातळी उशिरा ओलांडे. उशीर सुमारे ७३ नॅनोसेकंद. घड्याळाच्या दोलकात उलट दिशेची सुमारे १५ नॅनोसेकंदांची चूक होती. वजाबाकी केली की जवळपास ६० उरतात. मार्च २०१२ मध्ये त्याच ठिकाणच्या इकारस प्रयोगाने न्यूट्रिनो प्रकाशवेगानेच येतात असे दाखवले.

जोड सापडायच्या आधीही शंकेला भक्कम आधार होता. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी शेजारच्या आकाशगंगेतला, सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षे दूरचा तारा फुटताना दिसला. त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या दोन-तीन तास आधी आले, कारण स्फोटाचा धक्का ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत यायला तास लागतात आणि न्यूट्रिनो त्याआधीच निसटतात. ऑपेराएवढा जादा वेग असता तर ते चार वर्षे आधी यायला हवे होते. शिवाय कोहेन आणि ग्लाशो यांनी दाखवले की असे न्यूट्रिनो वाटेत इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या सोडून ऊर्जा गमावतील. तशी घट कुठेच दिसली नाही.

आजचे भौतिकशास्त्रज्ञ टॅकिऑन हा शब्द बहुधा वेगळ्या अर्थाने वापरतात. एखाद्या क्षेत्राच्या वस्तुमानाचा वर्ग ऋण आला तर ते क्षेत्र अस्थिर आहे, ते घसरून दुसऱ्या स्थिर अवस्थेत जाईल, असा तो इशारा असतो. हिग्ज क्षेत्र मूळ अवस्थेत असेच असते. अशा क्षेत्रातली हालचालसुद्धा प्रकाशापुढे जात नाही, हे अहारोनोव्ह, कोमार आणि सस्किंड यांनी १९६९ मध्ये दाखवले. स्ट्रिंग सिद्धान्तातल्या टॅकिऑनचे शेवटी काय होते यावरचे पायाभूत काम प्रयागराजच्या हरीशचंद्र संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम केलेले अशोक सेन यांचे आहे.

मराठी विज्ञानकथेच्या वाचकाला आणखी एक धागा जवळचा वाटेल. जयंत नारळीकर यांनी सुदर्शन यांच्याबरोबर १९७६ मध्ये टॅकिऑन आणि विश्वरचना यांवर शोधनिबंध लिहिला. विश्व प्रसरण पावते तसा टॅकिऑनचा संवेग घटत जातो, ऊर्जा शून्यावर येते आणि वेग अनंत होतो. त्यापुढे तो काळात उलटा वळतो, म्हणजे आपल्याला टॅकिऑन आणि प्रतिटॅकिऑन एकमेकांना नष्ट करताना दिसतात. महास्फोटातले टॅकिऑन आज आसपास का नसावेत, याचे हे सुरेख कारण आहे. कथेतले टॅकिऑन त्यामुळे ‘विश्वाच्या आरंभापासून फिरणारे’ नकोत, यंत्रात नव्याने निर्माण केलेले हवेत. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत याच नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवून पहिले बक्षीस मिळवले होते.

राहिले केंद्रातले यंत्र. वेग मोजायला, कण आरपार गेला की चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोन पाट्या एकमेकींपासून ३ मीटरवर ठेवतात. प्रकाशाला हे अंतर १० नॅनोसेकंदांचे. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला सुमारे एक म्यूऑन, म्हणजे वैश्विक किरणांतून जन्मलेला कण, पडतो, म्हणजे एक चौरस मीटरच्या आडव्या पाटीतून मिनिटाला सुमारे १०,००० म्यूऑन जातील आणि त्यांतले बहुतेक जवळपास प्रकाशवेगाचे असतील. या गर्दीतून एक टक्का वेगवान कण ओळखायचा तर ०.१ नॅनोसेकंद अचूकता हवी. साध्या कोअॅक्सियल तारेत संकेत मीटरला ५ नॅनोसेकंद घेतो. म्हणजे दोन तारांच्या लांबीत २ सेंटिमीटरचा फरक पडला की खोटा टॅकिऑन तयार. दुर्बळ संकेत ठरलेली पातळी उशिरा ओलांडतात, त्यामुळे पहिल्या पाटीतले संकेत लहान आणि दुसरीतले मोठे असतील तरीही कण वेगवान भासतो. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत पितळी जोडांवर हिरवट थर चढतो आणि संकेत क्षीण होतो, त्यामुळे जोड दर काही महिन्यांनी उघडून पुसावेच लागतात. केंद्र जांभ्याच्या सड्यावर दाखवणार असाल तर हे आवर्जून लिहा.

तपासणीची रीत अशी: दोन पाट्यांच्या तारा आपसात बदलायच्या आणि पुन्हा मोजायचे. कणाचा वेग खरा असेल तर फरक तोच राहतो, तारेचा दोष असेल तर चिन्ह उलटते. मग पाट्या ३ ऐवजी ६ मीटरवर न्यायच्या. खरा कण दुप्पट वेळ वाचवेल, जोडाचा दोष होता तेवढाच राहील. कथेतल्या मुलीने १० नोव्हेंबरला ९.३६ नंतर आधी हेच करावे. दोन्ही मापनांना मिळून तासभर धरा, मग तांडेलाला फोन. त्यानंतरही वादळाला सव्वीस तास उरतात.